दोन भागांची चिठ्ठी

५ जुलै, बुधवार

आज पुन्हा त्या किडनीवरून भांडण! 'पुढची खिडकी' या टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या हंगामातला भाग. मेलेला माणूस आयुष्याचा हिशेब द्यायला खिडकीशी येतो, म्हणतो मी किडनी दिली होती, आणि खिडकीवरची बाई त्याला नापास करते. का, तर पेपरात फोटो यावा म्हणून दिली! डेस म्हणाला, बरोबर केलं तिनं. व्हासो तडकली. "अरे, ज्याला मिळाली तो जगला ना? त्यानं काय तुझा हेतू चाटायचाय?" वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चौघंच, सगळी पन्नाशीच्या पुढची, आणि आवाज शाळेच्या मैदानासारखा.

मग चिठ्ठ्या. मालिकेतल्यासारखी परीक्षा आपण रचायची, छापील अक्षरांत लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. नाव नाही. लिहिणाराही मत देतो, त्यामुळे कुणाची ते कळत नाही. प्रत्येक परीक्षेचे दोन भाग: आज पहिला वाचून मत द्यायचं, पुढच्या बुधवारी दुसरा. आणि दिलेलं मत मागे घ्यायचं नाही, हे मालिकेतूनच उचललंय आम्ही.

आजची अशी: संध्याकाळी गाडीवर काहीतरी आदळलं. कांगारू असणार. पिशवीत पिल्लू आहे का बघायला तो उतरला नाही. पास की नापास?

"नापास!" नरेल म्हणाली. ती म्हणणारच, अशी अनाथ पिल्लं घरी उशीच्या खोळीत घालून वाढवते ती. मी म्हटलं, पास! अंधारून येताना कांगारूसाठी कोण थांबतं? मी स्वतः दोनदा थांबले नाहीये.

"नक्की ना, जॉय?" डेसनं विचारलं.

"शंभर टक्के!"

व्हासो माझ्या बाजूनं. डेस नरेलच्या. दोन-दोन.

६ जुलै

कोलला जाऊन अकरा महिने झाले. भाऊ कसला, भांडकुदळ होता नुसता. पण माझा होता. क्रिस्टल ब्रूक गावच्या रस्त्यावर गाडी बंद पडली म्हणून चालत निघाला, कुणीतरी उडवून गेलं. सकाळी सापडला. तासभर तरी जिवंत असावा, असं तपासात निघालं. तासभर! एक फोन केला असता तर वाचला असता. ज्यानं तो केला नाही त्याचं नाव मला हवंय. दुसरं काही नको.

८ जुलै, शनिवार

आईकडे गेले. डेस लाकडं फोडून, रचून, जेवून गेला होता. कोलचा अंत्यविधी झाल्यापासून एक शनिवार चुकवलेला नाही त्यानं. चौऱ्याऐंशीच्या बाईला शेगडीपुरती लाकडं कोण फोडून देतं हल्ली? आई म्हणाली, "कोल वर्षातून दोनदा यायचा. तेही भांडायला." मला राग आला तिचा. मेलेल्याबद्दल असं बोलतात का?

१२ जुलै, बुधवार

जे घडलं ते लिहून काढते.

व्हासोनं दुसरा भाग उघडला. "अर्ध्या तासानं त्याला राहवेना, तो परत गेला. कांगारू नव्हतं. माणूस होता, जिवंत—" ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली.

"कुठल्या नालायकानं लिहिलंय हे? जॉयसमोर?" नरेल उठलीच.

डेस म्हणाला, "वाच, व्हासो. अर्धवट ठेवायचं नाही."

तिनं वाचलं. त्याच्या पोटात तीन बियर होत्या. लायसन्स गेलं असतं. फोन केला नाही. त्या माणसाचा जीव जाईपर्यंत शेजारी बसून राहिला, मग घरी गेला. पास की नापास?

डेसनं हात वर केला. "नापास," म्हणाला. हात खाली आणेचना. पांढराफटक पडला होता.

तेव्हा कळलं मला. डबा फेकून मारला त्याच्या तोंडावर. लागला. बरं झालं लागला.

आणि मी पास म्हटलं होतं. शंभर टक्के म्हटलं होतं!

१३ जुलै

डेस दारात आला. आत घेतलं नाही.

"पोलिसांकडे जातो, जॉय. तू म्हणशील तेव्हा."

"अकरा महिने पाय मोडले होते?"

"तुझ्यासमोर तोंडातून निघत नव्हतं गं. चिठ्ठीवर नाव नसतं, म्हणून लिहिता आलं."

"आणि आधी माझ्याकडून पास करून घेतलंस!"

"मला वाटलं होतं, तू नापास म्हणशील."

रडला. सदुसष्ट वर्षांचा बाप्या, नाक पुसत उभा. किळस आली मला. वाईट याचं वाटतं, की एक गोष्ट विचारायची फार इच्छा झाली: कोल काही बोलला का? विचारलं नाही. त्याच्याकडून मला काही नको.

सोमवारी जायचं ठरलंय. मी बरोबर जाणार, नाहीतर वाटेत माघारी वळायचा. त्याआधी आईच्या कानावर घालायला हवं. शनिवारच्या शनिवार तिच्या हातचं सूप प्यायलाय हा माणूस! कसं सांगू तिला? खचेल ती.

१५ जुलै, शनिवार

आज सांगायचं होतं. धीर झाला नाही. डेस का आला नाही, म्हणून चारदा विचारलं तिनं.

१६ जुलै, रविवार

सांगितलं.

आई म्हणाली, "मार्चपासून माहीत आहे मला. त्यानंच सांगितलं. कोल काय बोलला ते विचारलं मी. थंडी वाजतेय म्हणाला, एवढंच. डेसनं हात धरून ठेवला होता त्याचा."

मग म्हणाली, "पोलिसांना सांगायचं तर सांग. त्या संध्याकाळी डेस माझ्याकडे जेवायला होता, असं मी सांगणार आहे."