सरांचा निवाडा

३ मार्च
ऑफिसचं कुलूप काढायच्या आत घाईसाहेब दारात हजर! हे नगरपालिकेचे कर-अधिकारी, माझे नवे अशील. फाइल टेबलावर आपटली. "मॅडम, हा निवाडा रद्द करून द्या. कसाही!"

प्रकरण मोठं गमतीचं. दुकानांच्या पाट्यांवरचा कर वसूल करायचं काम पालिकेनं एका कंत्राटदाराला दिलं. त्यानं मर्जीतल्या दुकानांना परस्पर सूट दिली. पालिकेनं त्याला हाकललं. भांडण लवादाकडे, म्हणजे दोघांनी मिळून नेमलेल्या पंचाकडे गेलं. आणि लवाद काय म्हणतो? पाट्यांवर कर लागतच नाही! पाहुण्याला जेवायला बोलवावं, तर त्यानं यजमानाचं घरच विकून टाकावं — तसं झालं.

हसत हसत शेवटच्या पानावर आले, सही बघितली आणि हसू पळालं. सर! ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकले, ते माझे सर.

४ मार्च
नवऱ्याला सांगितलं. तो दाताचा डॉक्टर, त्यामुळे दोन्ही अर्थांनी दात काढतो. "म्हणजे गुरूची विद्या गुरूला!"
फार हसला. मी नाही.

७ मार्च
निवाडा नीट वाचला. हा सरांनी लिहिलाय? एक परिच्छेद दोनदा आलाय. ज्याची साक्ष झालीच नाही, त्या साक्षीदाराला "विश्वासार्ह" म्हटलंय! माझा एक स्वल्पविराम चुकला तरी कागद परत फेकणारा हा माणूस!

घाईसाहेबांनी नेमकं तेच पकडलं. "इथं पाणी मुरतंय, मॅडम. कंत्राटदारानं हात ओले केलेत. अर्जात लिहा तसं."
"पुरावा?"
"एवढा मोठा माणूस उगाच असं लिहील?"
मी निवाडा पुन्हा पहिल्या पानापासून उघडला.

११ मार्च
भाजी घेताना काकू दिसल्या. सरांच्या पत्नी. मला बघितलं आणि पिशवी उचलून चालायलाच लागल्या! मी मागे धावले. "काकू, सर कसे आहेत?"
"बरे आहेत. तू सध्या घरी येऊ नकोस हं."
संपलं. मी वकीलपत्र घेतल्याचं कळलेलं दिसतंय. पण रागवायचं कुणी — त्यांनी की मी?

१२ मार्च
खाल्ले असतील का पैसे? दात घासताना तेच, जेवताना तेच. शी!

१८ मार्च
कोर्टात अर्ज दाखल. एकच मुद्दा — कर लागतो की नाही, हे ठरवायचा लवादाला अधिकारच नाही. लाचेबद्दल अक्षर नाही. घाईसाहेब तडकले. "आणि हरलो तर?"
म्हटलं, "पुराव्याशिवाय कुणाच्या तोंडाला काळं फासणार नाही. दुसरा वकील बघायचा तर आत्ताच बघा."
बघितला नाही. घाईत असणार!

२ एप्रिल
सुनावणी. कंत्राटदाराच्या वकिलाचा आवाज कसा, रेशमी! "लवाद दोघांनी मिळून नेमला होता. मग आता रडगाणं कशाला?"
मी उठले. "कंत्राट कुणी मोडलं, ते लवादानं खुशाल सांगावं. पण अख्ख्या गावावरचा कर दोघांनी बंद खोलीत बसून माफ करायचा? उद्या मी नि माझा नवरा ठरवू, आमच्या घराला कर नको!"
न्यायाधीशबाई चक्क हसल्या. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "खुद्द लवादाबद्दल काही म्हणणं?"
घाईसाहेबांनी मागून माझी बाही ओढली. चांगली जोरात.
"नाही," म्हटलं. बाही सोडवून घेतली.

२१ एप्रिल
जिंकलो! निवाडा रद्द! घाईसाहेब पहिल्यांदाच खुर्चीत टेकले. "मानलं तुम्हाला, मॅडम." नवरा बाहेर जेवायला घेऊन गेला. मी ताटात नुसती चिवडत बसले. सरांना आता कुठल्या तोंडानं भेटू? की त्यांनीच मला तोंड दाखवू नये?

२२ एप्रिल
सकाळीच सरांचा फोन! तोच खणखणीत आवाज. "पेपरात निकाल वाचला. वा! नेमका मुद्दा धरलास. पण काय गं, असला निवाडा देणारा हा गाढव लवाद कोण होता?"
थट्टा नव्हती, ते खरंच विचारत होते. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, द्या तो फोन इकडे."