दादाच्या नेमाची घुंडी

आरमोरी, शुक्रवार, १९ नोव्हेंबर १९५४

दादा गेल्यापासून धानातली डुकरं हाकायला बाबाच त्याची रायफल घेऊन जातात. नेम धरताना डोळा लावायचं भोक वरखाली करायची बारकी घुंडी त्यांच्या आखडलेल्या बोटांना फिरत नाही, म्हणून आज मी मोठी बसवली.

जुनी काढण्याआधी ती किती खाचा फिरलेली आहे ते मोजून लिहायचं, हे माझ्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात मीच सगळ्यांना शिकवतो. आज मीच विसरलो. काऊन? न मोजताच हात फिरला आणि दादाने शेवटचा लावलेला नेम गेला.

वहिनीने विचारलं, "भाऊजी, त्यायनं लावला होता तसाच ठेवला ना जी?"

"तसाच आहे वहिनी."

बारकी घुंडी माझ्या मुठीत होती. वहिनीने भोकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

"त्यायले असंच दिसत असन, नाई?"