पेटीवरचं नाव

आये,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून ही चिठ्ठी गावी निघालेल्या भावेशकडे देतोय. त्याच्याकडूनच वाचून घे. संध्या बरी आहे, पेज खाते. बाळ अजून काचेच्या पेटीत आहे. वजन भरलं की झालं, असं डॉक्टर म्हणतात. तू उगाच उपास धरू नको. गुडघा कसा आहे? गाईला पेंढा कोण घालतं?

माझ्याआधीची दोन गेली, म्हणून तू मला उकिरड्यावर ठेवलंस. शेजारणीने सुपातून परत आणलंन आणि तू नाव ठेवलंस केरू. असल्या नावाकडे मरण बघत नाही, म्हणायचीस. मी त्यावरून किती भांडलो! कंपनीत तर मी केतन.

आमच्या आधीच्या दोघांना आम्ही मोबाईलवर शोधून नावं ठेवली, रेयांश आणि विहान. ती आता घरात कोणी उच्चारत नाही.

काल नर्सबाईने पेटीवर लावायला नाव विचारलंन. मी म्हटलं, "धोंडू." ती हसली. संध्याने तोंड भिंतीकडे केलंन, पण नको म्हणाली नाही.

माळ्यावरचं सूप काढून ठेव.

तुझा,
केरू