अक्काचा काळा फोटो

मंगळवार, डिसेंबर २००७. गंगापूर रोड, नाशिक.

मी सांगतेय, नात लिहितेय. हसू नकोस गं. बरं, हेही लिही.

आज फार दमले. थोरली बहीण अक्का देवळ्याहून आली आणि जन्मात पहिल्यांदा फोटोला तयार झाली. "काढ बाई एकदाचा. मेल्यावर भिंतीवर लावायला काहीतरी हवं," म्हणाली. मुलाचा नवा, बिनरोलचा कॅमेरा घेतला. काचेतून दोन अक्का दिसतात, त्या जुळवून एक करायच्या, म्हणजे फोटो स्पष्ट येतो. तेवढं जुन्यासारखंच. मला आकडे कुठे वाचता येतात? आमच्या फोटो स्टुडिओत इतकी वर्षं बोटांनीच मोजलं. माणूस सावलीत असला की जास्त उजेड आत घ्यायला वरची चकती चार टकटक माझ्याकडे फिरवायची. तशीच फिरवली. फोटो निघाल्यावर अंगठा रोल पुढे सरकवायची दांडी शोधायला लागला. दांडीच नाही! कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो लगेच दिसतो म्हणे, पण बघायची सवय कुणाला? कॅमेरा पिशवीत गेला आणि अक्का बसमध्ये.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, काळा आलाय. याची चकती उलटी फिरते." मग आधी सांगायला काय झालं होतं? की मीच विचारायला हवं होतं?

अक्काला फोन केला. "मी नाय आता परत बसणार," म्हणाली आणि ठेवला.

अंगठा अजून दांडी शोधतोय. कपाटात एक रोल उरलाय. उद्या जुना कॅमेरा घेऊन मीच देवळ्याला जाते. अक्का शिव्या देईल. देऊ दे. शिव्या देतानाच ती खरी अक्का दिसते.