पलीकडचे कोंबडे

११ फेब्रुवारी

सगळी सकाळ वाया गेली! पलीकडच्या काठावरचे कोंबडे आज आरवलेच नाहीत. आमचं येडं — जनरल — उत्तर येईना म्हणून उजाडल्यावरही कोकलत बसलं. रोजचं ठरलेलं आहे: हा ओरडणार, प्रूत नदीपलीकडून माझ्या बहिणीचा, साफ्ताचा, लंगडा कोंबडा उत्तर देणार, मग दोन्ही काठ जागे होणार. नदीच्या मधून सरहद्द जाते, पण कोंबड्यांना पासपोर्ट लागत नाही. आज पलीकडे चिडीचूप. मी चुलीपाशी कान देऊन उभी राहिले आणि दूध उतू गेलं. ते कोण भरून देणार? साफ्ता?

स्मरांदा म्हणाली, "आजी, ते झोपलेत का गं?"

म्हटलं, "कोंबडे लोळत नसतात बाई. ते काम तुझ्यासारखीचं."

दुपारी पाण्यापर्यंत गेले आणि हाक मारली. आम्हा बहिणींना एकमेकींशी फोनवर बोलणं जमत नाही. नदी ओलांडायला बंदी होती त्या काळात आमची आई पहारेकऱ्यांच्या देखत धुणं धुवायची आणि गाण्यातून पलीकडच्या मावशीला बातम्या द्यायची. हाक ओढायची ती लकब आम्ही तिच्याकडूनच उचलली. साफ्ता नाव घेते तेव्हा सूर आधी वर नेते, मग एकदम खाली सोडते — बादली विहिरीत सोडावी तशी.

"ताईऽऽ! पांढऱ्या कपड्यातली माणसं आली होती! सगळ्या कोंबड्या मारल्या! एक पीस ठेवलं नाही!"

"आणि बदकं?"

"ती आधीच मेली होती. सोलून ठेवलीत. एवढी चांगली बदकं फेकू होय?"

मग नेहमीचं. "पोर पाठव गं माझ्याकडे! घर खायला उठतं!"

सरहद्द उघडल्यावर हिने चाळिशीत पलीकडचा विधुर केला. मूल झालं नाही, विधुरही टिकला नाही. तेव्हापासून माझी नात मागते. म्हटलं, "मांजर पाळ!"

१३ फेब्रुवारी

रेडिओ म्हणाला, पक्ष्यांचा ताप आहे, सरहद्दी ओलांडतोय, घाबरण्याचं कारण नाही. लगेच दुकानातलं मीठ संपलं.

गुरांचा डॉक्टर उर्साकी घरोघर फिरला. अंगात प्लास्टिक, तोंडाला फडकं. याला मी नाक गळत असल्यापासून ओळखते. "आजीबाई, पक्षी कोंडून ठेवा. मेलेलं काही दिसलं तर हात लावू नका. आता माणसांनाही होतोय."

"हवेतली बदकं कोण कोंडणार? तू?"

हसला नाही. तेवढ्याने मला जरा भीती वाटली.

१६ फेब्रुवारी

काठाशी बर्फावर हंस निजलेत, माना लांब करून. निजलेले नाहीत.

१९ फेब्रुवारी

आज आमच्याकडे आले. धुक्यातून गाडी आली, माणसं उतरली — सगळी एकसारखी पांढरी, चेहरा नाही, बोलणं नाही. कोंबड्या नेल्या, बदकं नेली. अंगणात चुना फासला. जाताना एकाने बूट धुतले. सावकाश, चर्चमध्ये शिरताना धुवावेत तसे. मी म्हटलं, "घरी कोणाची आई आहे की नाही रे तुम्हाला?" कोणी मान वळवली नाही. भरपाई मिळेल म्हणे. ती बघायला मी असेन तर.

जनरल नाही दिला. तो तळघरात आहे, मुरवलेल्या कोबीच्या रिकाम्या पिंपात, वर गोणपाट.

याला कारण शेजारचा इफ्रिम. गाडी येण्याआधी कुंपणावर टेकून उभा होता, तोंडाला दारूचा वास.

"कातिंका, दोन्ही काठांवर एकही कोंबडा उरणार नाही बघ."

"मग? तू आरवशील."

"थट्टा नको करू. कोंबडा आरवला की मेलेली माणसं थडग्यात परत जातात. आता त्यांना कळणार कसं की उजाडलं? ती हिंडत राहतील, ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारतील. जो ओ देईल, त्याला घेऊन जातील."

"तुला कोण हाक मारणार? तुझी बायको जिवंतपणीसुद्धा मारत नव्हती."

असं म्हटलं खरं. मग आत आले आणि जनरलला पिंपात घातला. इफ्रिमच्या बडबडीमुळे नाही! माझा कोंबडा आहे, माझ्या दाण्यावर वाढलाय, म्हणून.

२० फेब्रुवारी

सकाळ झालीच नाही. उजेड आला, पण सकाळ नाही. गाव अंथरुणात पडून वाट बघत राहिलं, कशाची ते कोणालाच कळेना. सगळे कुत्रे नदीकडे तोंड करून बसलेत. भुंकत नाहीत.

२४ फेब्रुवारी

आज जनरल आरवला! जमिनीखालून, गोणपाटाखालून, पण छातीतून. माझ्या पायाखालची फळी थरथरली. पाठोपाठ गल्लीत दारं उघडली, बादल्या वाजल्या, कोणीतरी खोकलं, कोणीतरी शिवी दिली. गाव जागं झालं. कुत्रे उठून आपापल्या दारी गेले.

दुपारी उर्साकी आला. मी फाटकातच आडवी उभी राहिले.

"आजीबाई, इथे कोंबडा ओरडल्याचं ऐकलंय."

इफ्रिम पलीकडून ओरडला, "तो माझा रेडिओ!"

"रेडिओवर कोंबडा?"

"शेतकऱ्यांचा कार्यक्रम असतो. तुला काय कळणार, शहरात शिकलास तू."

समोरून दुकानवाली म्हणाली, "हो हो, रेडिओच! मीही ऐकते." तिच्याकडे रेडिओ नाही. या गावात माझं चांगलं कोणाला बघवत नाही, आणि आज सगळे माझ्यासाठी खोटं बोलले! संध्याकाळी फाटकाला कोणीतरी मक्याची पिशवी अडकवून गेलं. नाव सांगितलं नाही.

१ मार्च

स्मरांदाने मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला, मार्च लागला की बांधतात तसा. मलाही बांधला. मग तळघरात गेली आणि जनरलच्या पायाला बांधला. "त्यालाही वसंत कळू दे आजी, तिथे अंधार आहे."

म्हटलं, "त्याच्याजवळ जास्त जायचं नाही. दाणे टाकायचे आणि वर यायचं."

"तो आजारी नाही."

"तू डॉक्टर आहेस का?"

इटलीहून व्हिओरिकाचा फोन आला. माझी मुलगी तिकडे परक्या म्हातारीला आंघोळ घालते, मी इकडे तिची मुलगी वाढवते. असं जग. रडत होती — तिकडेही ताप पोचलाय, विमानं बंद होणार म्हणतात. "आई, स्मरांदाला सांभाळ गं." सांभाळ म्हणजे? मी काय तिला वाळत घालून विसरलेय?

साफ्ता दोन दिवस काठावर आली नाही. तिच्या धुराड्यातून धूर नाही.

४ मार्च

साफ्ता गेली.

पलीकडच्या पाद्र्याने फोनवर सांगितलं. ताप, मग छाती भरली, मग संपलं. बदकं! सांगितलं नव्हतं का मी? नव्हतं सांगितलं. मीही सोललीच असती.

पूल बंद आहे. मी या काठावर उभी राहिले. पलीकडे पांढरी माणसं तिची पेटी उचलून टेकडी चढत होती, भराभर, कोणी मागे लागल्यासारखी. बायका नाहीत, मेणबत्त्या नाहीत, रात्रभर जागायला कोणी नाही. आमच्यात मेलेल्याला नाव घेऊन गाण्यात सांगावं लागतं — बाई गं, तू मेलीस, ही तुझी वाट, मागे वळू नकोस. तिला कोणी सांगितलंच नाही. मी इथून गायला लागले, पण वारा उलटा होता. माझं गाणं माझ्याच तोंडावर आलं.

रडले नाही. घरी येऊन बटाटे सोलले.

५ मार्च

दुकानवालीने सांगितलं, उद्या पहाटे उर्साकी माणसं घेऊन तळघरं बघणार. आज जनरलच्या पिंपावर जाड रजई घातली आणि वर कोबीचं पिंप ठेवलं. गपगार पडून रहा म्हटलं मेल्याला.

६ मार्च

जनरल आज आरवला नाही. रजईखाली त्याची रात्रच चालू होती. उर्साकीही आला नाही — शेजारच्या गावात अडकला म्हणे! उगाच कोंडला बिचाऱ्याला.

पहाटे स्मरांदाचं अंथरुण रिकामं. मी शोधायला बाहेर पडणार एवढ्यात ही दारातून आत आली. बूट ओले, तोंडात पाव.

"कुठे गेली होतीस?"

पाव गिळून म्हणाली, "साफ्ताआजी बोलावत होती. काठावरून."

मी तिला चुलीजवळ बसवलं. हात माझे थंड, तिचेही थंड.

"काय म्हणाली?"

"नाव घेतलं फक्त. स्मरांदाऽऽ — असं." आणि तिने म्हणून दाखवलं. वर, मग एकदम खाली. बादली सोडल्यासारखं.

"तू ओ दिलीस?"

"तोंडात पाव होता ना."

जन्मभर हिला सांगत आले — खाताना हिंडू नकोस.

७ मार्च

पोरीला ताप. अंग तव्यासारखं. उशी बदलताना खाली पीस सापडलं — पांढरं, लांब, हंसाचं. "काठावर होतं आजी. मऊ आहे." चिमट्याने धरून चुलीत टाकलं. त्याचा वास अजून जात नाही.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. विचारलं — खोकला? आहे. श्वास? जड आहे. मेलेल्या पक्ष्याला हात लावला? पिसाचं सांगितलं. मग विचारलं, "घरात जिवंत पक्षी आहे का?"

"नाही," म्हटलं.

फोन ठेवला. खाली जनरलने पाय घासले. तो गेला तर पहाटे या काठावर काहीच उरत नाही. तो राहिला, आणि ताप त्याच्याकडूनच आला असला, तर? दोन्हीकडून पोरच जाते.

८ मार्च

सांगितलं. फोन करून म्हटलं, कोंबडा आहे, तळघरात, मीच लपवला, पोर त्याला रोज दाणे टाकत होती. बाई ओरडल्या. ओरडू दे. मग म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, औषध त्याप्रमाणे देता येईल. पहिलं औषध दुकानवालीचा नवरा घेऊन आला. पोरीला इस्पितळात न्यायला गाडी उद्या उजाडताच येईल. आज सगळ्या गाड्या बाहेर आहेत, आणि धुकं.

उर्साकी स्वतः आला, एकटा. जनरल मीच काढून दिला. डोळे लख्ख, तुरा लाल, मला टोचायला बघत होता. उर्साकीने त्याला उलटासुलटा पाहिला.

"याला काही झालेलं दिसत नाही, आजीबाई."

"मग ठेवून जा."

"तसं करता येत नाही."

"मला माहीत आहे तुला काय काय करता येत नाही ते."

जनरलच्या पायातला लाल-पांढरा दोरा उर्साकीने सोडला नाही. नेताना जनरल एकदाच ओरडला, भर दुपारी. अख्खं गाव अंगणात येऊन उभं राहिलं.

इफ्रिम मात्र कुंपणापाशी आला, आज न पिता. "पहाटे मी आरवून बघू का, कातिंका?"

हसायला यायला हवं होतं.

"ये पहाटे," म्हटलं. "पण पोरीजवळ बसायला ये. तोंडाला फडकं बांधून."

९ मार्च, उजाडायच्या आधी

हाक आली. स्मरांदाऽऽ — वर, मग खाली. माझ्या बहिणीचा गळा मी ओळखणार नाही? पोर तापात होती, डोळे मिटलेले, आणि ओठ ओ द्यायला उघडले. मी तळव्याने दाबून धरले. हाक पुन्हा आली, काठावरून नाही — फाटकापासून.

इफ्रिम आलाय, उशाशी बसवलाय. त्याला सगळं सांगितलं. पोरीचं तोंड त्याने सोडायचं नाही, नाक मोकळं ठेवायचं. गाडी आली की गाडीवाल्यांना उत्तर त्याने द्यायचं — नाव, ताप, औषध, सगळं. व्हिओरिकाच्या फोनलाही त्यानेच. पोरीने कोणालाच ओ द्यायची नाही.

फाटकाला ओ मी देते.