यादीतून नाव काढणार नाही

आईस ओदीलकडून दोन्ही गालांवर मुके.

नगराध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या यादीतून नाव काढ, असं तू लिहिलंस. नाही काढणार.

गेल्या रविवारी नवा कोट घालून बाजारात पत्रकं वाटली, तर मासेवाली सोलांज म्हणाली, “निवडून यायच्या आधीच मॅडम झालीस का गं?” आज कारखान्यातले रबरी बूट घालून गेले, तर तीच म्हणते, “नगराध्यक्ष म्हणून ह्या अवतारात आमच्या पोरांची लग्नं लावणार तू?” यांना गादीवर राणी हवी आणि भांडायला शेजारीण.

मी म्हटलं, “लग्नात माझ्या पायांकडे कोण बघतंय?” तिने पत्रक घेतलं आणि माझ्यासमोरच त्यात बांगडा गुंडाळला. मी दुसरं दिलं.

झोप कमी आहे, बाकी ठीक. तुझा गुडघा कसा आहे?

हरले तर तुझ्याकडे येऊन रडेन. इथे कोणाला दिसू देणार नाही.

तुझी हट्टी,
ओदील