पाहुण्यांच्या गवताची राखण

२ जून
वही, माफ कर. डोंगरावर येऊन इतके दिवस झाले, एक अक्षर लिहिलं नाही. आधी तंबू, मग मेंढ्यांची कातरणी. शिवाय मी आता संशोधक आहे. बिश्केकहून आलेल्या संशोधक बेगाइमने आणि तिच्या जर्मन सहकारी बाईने कुरणाचा एक तुकडा कुंपण घालून बंद केलाय. हवा तापल्यामुळे गवत किती कमी झालं आणि चरण्यामुळे किती, हे दोघी मिळून शोधणार. राखण माझ्याकडे. गळ्यात फोटोचं कार्ड. बायको कालिपा म्हणते, म्हाताऱ्या, झोपताना तरी काढ ते.

९ जून
झोप नाही. शेजारच्या तंबूतला तोक्तोसुन सांगून गेला, रिपोर्ट वाईट आला तर कुरण बंद. मग मेंढ्या न्यायच्या कुठे? निश्चय : गवत वाईट निघू द्यायचं नाही.

१० जून, सकाळ
ओढ्याचं पाणी पाट काढून कुंपणात सोडलं. लेंडीखतही टाकलं. आजारी कोकरांसाठी राखलेल्या तुकड्याला आम्ही हे करतोच. हा तर पाहुण्यांचा. बेगाइमने बजावलं होतं, कशाला हात लावू नका. हात कुठे लावला? फावडं लावलं.

२८ जून
आतलं गवत गुडघ्याला आलं! बाहेर मेंढ्यांनी जमीन चाटूनपुसून ठेवलीय. पण बाहेरचं कोण बघतंय? कालिपा म्हणाली, डोळे आहेत त्यांना, दोन्हीकडे बघतील. तिला सायन्स कळत नाही.

१५ जुलै
दोघी आल्या. आतलं-बाहेरचं गवत कापून तोललं. जर्मन बाई खूश. बेगाइमने विचारलं, अक्साकाल आजोबा, यंदा इथे पाऊस जास्त झाला का? म्हटलं, झाला थोडा. अगदीच खोटं नाही, ढग आले होते. वर घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमीस पाजला.

४ सप्टेंबर
खाली गावच्या बैठकीत तोक्तोसुनने रिपोर्ट वाचला. हवेचा दोष थोडा, मेंढ्यांचा फार. राखलेल्या तुकड्यात गवत जोमाने येतं, सबब कुरणाला तीन वर्षं विश्रांती. सगळे माझ्याकडे वळले. तोक्तोसुन म्हणाला, वा दादा, झकास राखलंत! कार्ड खिशात घातलं.

५ सप्टेंबर
फोन लागतो त्या टेकडीवर चढलो. धाप लागली. निरोप लिहिला, पुसला, परत लिहिला. बेगाइम, पोरी, त्या गवताला मी पाणी घातलं होतं. खतसुद्धा. तेवढं वजा करून पुन्हा तोला. गुरुवारी मेंढ्या विकत न्यायला व्यापारी येतोय. त्याच्या आधी कळव गं.